केळीचे खांब

जावेच्या लेकीचं डोहाळजेवण होतं. माझी सून यामिनी ओटी भरायला पुढे झाली, तोच जावेनं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. "तू राहू दे गं. लेकुरवाळीचाच हात लागू दे." यामिनीला मूल नाही, हे जावेला चारचौघींत सांगायचंच होतं. यामिनीनं मान खाली घातली. मी नाही घातली.

मी ताटातलं केळं उचललं, सोललं आणि मोडून जावेच्या नाकासमोर धरलं. "यात बी दाखव, द्वारका."

"केळ्यात कुठं बी असतं, अक्का?"

"नसतंच. यामिनीनं सांगितलंय मला. बहुतेक झाडांत गुणसूत्रं दोन-दोन असतात, आपल्या केळीत तीन-तीन. जोडी जमत नाही, म्हणून बी धरत नाही. म्हणजे केळ वांझच की! मग झोपाळ्याला तिचे खांब शुभ म्हणून कशाला बांधलेस? सोड ते आधी. आणि मळ्यातली केळीची बागही उपट. त्यातलं रोपन् रोप यामिनीनं प्रयोगशाळेत कोंबाच्या तुकड्यापासून बाटलीत वाढवलंय."

कुणीतरी फिसकन हसलं. द्वारकानं ताट आणखी घट्ट धरलं.

झोपाळ्यावरची पोर पोट सावरत उठली. तिनं आईच्या हातातलं ताट ओढून यामिनीला दिलं आणि पदर पसरला. "भर, वहिनी."

यामिनीनं ओटी भरली. मोडलेलं केळं मी द्वारकाच्या हातावर ठेवलं.

"खा. गोड आहे."