डाव्या काचेवरची पट्टी

“तिला काय विचारता? मला विचारा,” बाप म्हणाला.

दुकानदाराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मुलीला भिंतीला टेकून उभं केलं. दोन्ही हात आडवे पसरायला लावले, या बोटापासून त्या बोटापर्यंत टेप धरला आणि आलेल्या इंचांना अडीचने भागलं. “सव्वीस. धनुष्याची दोरी एवढीच मागे यायला हवी. सध्या कोणतं वापरतेस?”

“बाबांचं.”

“त्याची ओढ किती?”

“एकोणतीस,” उत्तर बापाचंच. “लांब हात आमच्या घरातच आहेत. हिचेही होतील.”

“एकोणीस वर्षांच्या मुलीचे हात आता वाढत नसतात, साहेब.”

बापाला सल्ला नको होता, धनुष्य हवं होतं. त्याने भिंतीवरचं एक काळंभोर, टोकांना चाकं असलेलं कंपाउंड धनुष्य स्वतःच काढलं आणि मुलीच्या हातात कोंबलं. “ओढून बघ. आणि चष्मा घाल आधी.”

मुलीने पिशवीतून सरावाचा चष्मा काढला. काचा साध्या, नंबर नाही. डाव्या काचेवर काळी चिकटपट्टी, कडा पांढऱ्या पडलेल्या.

“हे काय?” दुकानदाराने विचारलं.

“डावा डोळा लुडबुड करतो हिचा. उजव्याने नेम धरायला गेली की हा मध्ये घुसतो. म्हणून पट्टी. मीच लावली, पहिल्याच आठवड्यात.” सांगताना बापाची छाती जरा पुढे आली होती.

दुकानदाराने चष्मा काढून घेतला. “पोरी, हात समोर कर. तळव्यांमध्ये भोक ठेव आणि त्यातून माझ्या नाकाकडे बघ. दोन्ही डोळे उघडे.” तिने तसं केलं. भोकातून त्याला तिचा एकच डोळा दिसत होता. डावा. त्याने पुन्हा करायला लावलं. पुन्हा डावा.

“म्हणजे काय, काका?”

“म्हणजे तुझा नेमाचा डोळा डावा आहे. धनुष्यही डावखुऱ्यांचं हवं. उजव्या हातात धरायचं, डाव्याने ओढायचं. हे पहिल्या दिवशी बघतात, धनुष्य हातात द्यायच्या आधी.” मग तो बापाकडे वळला. “तुम्ही तर बघितलंही होतं.”

“बघितलं. मग? घरात चांगलं उजवं धनुष्य असताना दुसरं आणायचं होतं? पेन्सिलसुद्धा डाव्या हातात धरायची ही. दिसली की काढायचो आणि उजव्यात द्यायचो. सुटली की नाही सवय? काही अडलं का तिचं?”

मुलगी बापाकडे बघत राहिली. चार वर्षं तो दर रविवारी तिच्या पाठीमागे उभा राहायचा आणि बाण चुकला की सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडायचा, “शून्य!” धनुष्य जड आहे म्हटलं तर नाचता येईना अंगण वाकडं. खांदा दुखतो म्हटलं तर नाटकं. चार वर्षं म्हणे पालथ्या घड्यावर पाणी ओतत होता. तिनेही ते खरं मानलं होतं. आपल्यातच काही नाही, असं ठरवून टाकलं होतं. आणि ह्या माणसाला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“डावं दाखवा, काका.”

“मूर्खपणा करू नकोस,” बाप म्हणाला. “आठ आठवड्यांवर निवड स्पर्धा आली. आता हात बदललास तर शून्यापासून सुरुवात.”

“शून्यावरच आहे ना मी? तुम्हीच मोजलंत.”

दुकानदाराने आतून एक डावं धनुष्य आणलं. स्क्रू पिळून ओढ सव्वीसवर आणली, दोरीचं वजन कमी केलं. तिच्या डाव्या मनगटाला दोरी सोडायच्या चापाचा पट्टा बांधला. बाणांचा डबा बापाच्या कोपराशी होता. दुकानदाराने वाकून एक बाण घेतला आणि तिला दिला. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, पंधरा पावलांवर, गवताच्या ठोकळ्यावर कागदी वर्तुळं लावली होती.

तिने ओढलं. डावं कोपर भलतीकडेच गेलं. मग धनुष्याची चाकं फिरली आणि दोरीचं वजन एकदम उतरलं. दोन्ही डोळे उघडे होते. मधला पिवळा ठिपका एकच दिसत होता, जागच्या जागी. इतका साफ तो तिला कधीच दिसला नव्हता, आणि ते कळल्यावर तिला रडू नाही आलं, संताप आला. तो तिने दातांखाली धरला आणि चाप दाबला.

“शून्य,” बाप म्हणाला. त्याने कागदाकडे बघितलंही नव्हतं.

“चार,” दुकानदार म्हणाला. बाण काळ्या वर्तुळात, खालच्या अंगाला लागला होता. “पहिलाच आहे.”

बापाने कागदाकडे बघितलं, मग दुकानदाराकडे. “चार म्हणजे काही मोठा पराक्रम नाही. चल, ठेव ते खाली. उजवंच घ्यायचंय.”

“हेच घेणार मी,” मुलगी म्हणाली. ती वळली नाही. नजर पिवळ्या ठिपक्यावरच ठेवून तिने मागे हात केला.

बापाने सवयीने डब्यातला बाण उचलला आणि तिच्या उजव्या बाजूला पुढे केला. त्या हातात धनुष्य होतं.

“तो नाही,” ती म्हणाली. मागे पसरलेली डाव्या हाताची बोटं तिने उघडली. “ह्या हातात द्या.”