काळ्या टेकाडावरचं औषध

"बाबा, एकदा हे लावलं की ही चूल कधीच पेटवता येणार नाही," पंकजा म्हणाली.

"आता तरी कुठं पेटते," पुंजाराम म्हणाला. "लावा तुमी."

दोघं पडवीत चुलीपुढे बसली होती. पंकजाच्या हातात माती घट्ट करायच्या औषधाची बाटली आणि ब्रश होता. पुंजारामची सून अश्विनी दारात उभी होती. तिचे हात पिठाने भरले होते. आत गॅसवर तवा तापत होता.

चूल मातीची होती आणि अजून एकदाही पेटली नव्हती. पुंजारामची बायको लंकाबाई हिची ती शेवटची चूल, गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला घातलेली. पुंजाराम तेव्हा कांदा काढायला मळ्यातच मुक्कामाला होता. चूल वाळायच्या आत लंकाबाई गेली. झोपेतच गेली.

चुलीच्या कडेला ओल्या मातीतून चार बोटं ओढल्याच्या खुणा राहिल्या होत्या. चूल पेटवली असती तर तिच्यावर रोज पोतेरं फिरवावं लागलं असतं. खुणा बुजल्या असत्या. म्हणून पुंजारामने ती कुणाला पेटवू दिली नाही. भाकरी गॅसवर होऊ लागल्या. त्याला त्या आवडत नव्हत्या, तरी खाई. रोज सकाळी चहा झाला की तो चुलीपाशी येऊन बसे आणि खुणांवर हात ठेवी. त्याची बोटं जाड होती. खुणांत मावत नसत. तरी ठेवी.

पण चूल टिकेना. पावसाळ्यात तिने ओल धरली. कडेला तडा गेला. मुंग्यांनी माती उकरली. एक खूण निम्मी झडून गेली.

औषध काळ्या टेकाडावरच्या खोदकामातलं होतं. गावाबाहेरच्या त्या टेकाडावर कधी कुसळही उगवलं नव्हतं. म्हातारी माणसं सांगायची, तिथं राक्षसाची चूल होती, ही तिची राख. यंदा पंकजा उत्खननासाठी पुण्याहून माणसं घेऊन आली. टेकाड खणलं तेव्हा खाली लोखंड गाळायच्या भट्ट्या निघाल्या, एकीला लागून एक. इंग्रज यायच्या आधीचा कारखानाच होता तो. नांगराचे फाळ, गाड्यांच्या चाकांच्या धावा, सगळं तिथल्या लोखंडाचं. टेकाड म्हणजे त्या भट्ट्यांनी बाहेर टाकलेला मळ.

पुंजाराम तिथे पाट्या उचलायला जात होता. घरी बसून करमत नव्हतं. एका भट्टीच्या आतल्या अंगाला त्याला बोटं दिसली. चार, ओढलेली. तो पाटी ठेवून खालीच बसला.

"ही कशी राहिली ओ, ताई?"

"भट्टीला जाळ लागला ना, म्हणून," पंकजा म्हणाली. "माती भाजली. कच्ची असती तर पहिल्याच पावसात वाहून गेली असती."

ती त्या बोटांवर ब्रशने औषध लावत होती. पुंजारामचं लक्ष औषधावर होतं.

"ह्या भट्टीवाल्याचं नाव तरी ठावं हाय का तुमाला?"

"नाही, बाबा."

"तरी त्याला औषध. मंग माझ्या लंकीला का न्हाई?"

रविवारी पंकजा बाटली घेऊन त्याच्या घरी आली.

आता तिने ब्रश बाटलीत बुडवला.

"ताई, थांबा," अश्विनी म्हणाली.

पदराला हात पुसून ती पुढे येऊन बसली आणि तिने चार बोटं चुलीच्या कडेला लावली. बोटं खुणांत बरोबर बसली. तिची करंगळी जराशी वाकडी होती. खूणही तशीच वाकडी होती.

पुंजाराम बघत राहिला.

"आत्यांचा हात थरथरत हुता, मामा. त्या इथं पाटावर बसून सांगत हुत्या. माती मी लावली."

"मंग इतके दिस बोलली का न्हाईस?"

"कशी बोलू? तुमी रोज येऊन हात ठेवायचा."

पंकजाने ब्रश फडक्याला पुसला. आतून तापलेल्या तव्याचा जळका वास आला.

"आधी त्यो गॅस बंद कर," पुंजाराम म्हणाला.

अश्विनी गॅस बंद करून परत आली तेव्हा तो जागेवर नव्हता. तो गोठ्यामागून आला. काखेत जळणासाठी तुराट्यांची पेंढी होती.

"सगळं शिकवलं का तिनं?"

"सगळं. माती किती, लीद किती. तडा गेला तर कसा लिंपायचा ते बी."

"मंग पेटव." त्याने तुराट्या चुलीपुढे टाकल्या. "जाळ लागला तर टिकंल. का हो, ताई?"

"टिकेल, बाबा," पंकजा म्हणाली. तिने बाटलीचं झाकण घट्ट बसवलं.

चूल आधी नुसती धुमसली. पडवीभर धूर झाला. तिघंही डोळे पुसायला लागली. मग जाळ धरला. अश्विनीने भाकरी थापली, तव्यावर टाकली, मग चुलीच्या तोंडाशी उभी केली. भाकरी टम्म फुगली. पुंजारामने पहिला घास मोडला. मग पंकजापुढे ताट सरकवलं.

"खावा, ताई. गॅसवर असली हुत न्हाई."

तो जाळाकडे बघत जेवत होता.

"चूल घालून झाल्यावर काय म्हणली गं ती?"

अश्विनीने तोंडाला पदर लावला. तिला हसू येत होतं.

"सांगू का?"

"सांग की."

"म्हणल्या, बोटं लई रुतवलीस, पण राहू दे. भाकरी गरम मिळाली की झालं. चूल कुणी घातली ते तुज्या मामांना जन्मात कळायचं न्हाई."