कडी लावून घातलेली वेणी

"वेणी सोड," दुकानाच्या गल्ल्यामागून नसीबा म्हणाली. "केस बघितल्याशिवाय कुठला शाम्पू द्यायचा ते कसं कळणार?"

ओयदिनचा हात आपोआप मानेमागे गेला. डोक्याच्या रुमालाखालून तिची जाडजूड वेणी थेट गुडघ्यापर्यंत आली होती. नुकतंच लग्न होऊन ती मार्गिलान शहरात सासरी आली होती, पण मोहल्ल्यात तिच्या आधी तिची वेणी पोचली होती. पोचवणारी दुसरी कुणी नाही, सासूच. सनोबरखाला जिथं चहाला बसायच्या, तिथं दुसऱ्या पेल्याला सुनेच्या वेणीचा विषय निघालाच म्हणून समजा.

ओयदिनचे खरे केस खांद्याखाली जेमतेम वीतभर. पुढचं सगळं काळं सूत. मुलगी बघायला सनोबरखाला आल्या, त्या दिवशी ओयदिनच्या आईनं ते बेमालूम गुंफलं होतं. तेव्हापासून ओयदिन रोज दाराला कडी लावून वेणी घालायची आणि दिवसभर जीव मुठीत धरून वावरायची.

"मी दह्यानंच धुते," ती सासूला हळूच म्हणाली. "शाम्पू नको, आई."

"दह्यानं धुऊनच मोरीत पुंजके पडतायत," सनोबरखाला म्हणाल्या. "नसीबा, काय चांगलं असेल ते दे हिला."

"तेच बघते ना. एवढे लांब केस म्हणजे मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडे असणार. मुळांना शाम्पू, टोकांना कंडिशनर. उलटं केलंत तर पैसे पाण्यात. सोड गं, लाजतेस काय? सगळ्या बायकाच आहोत."

"सोड की," साबणांच्या फळीपाशी उभी असलेली फजीलत म्हणाली. तिच्या भाचीला नकार देऊन सनोबरखालांनी ही सून आणली होती. "आम्ही आपलं नुसतं ऐकूनच आहोत. एकदा डोळे भरून बघू तरी दे."

ओयदिनची बोटं वेणीच्या गाठीवर घुटमळली. आता उद्या सकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्यात बोभाटा होणार, आणि मग माहेरच्या आईचं नाव निघणार. तिनं सासूकडे बघितलं. सासू तिच्या बोटांकडेच बघत होती.

"थांब," सनोबरखाला म्हणाल्या. "वयाचा काही मान? आधी माझे केस बघ."

त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, आणि रुमाल काढून मांडीवर ठेवला. वेणीची गाठ स्वतःच सोडली.

सनोबरखालांच्या वेणीचंही मोहल्ल्यात नाव होतं. डोकं पिकलं तरी वेणीचं टोक अजून काळं कसं, म्हणून बायका नवल करायच्या. आता पाठीवर पांढरे विरळ केस पसरले आणि त्यांतून काळ्या सुताची लड घसरून मांडीवर पडली.

फजीलतच्या हातातला साबण हातातच राहिला. नसीबाला हसू आलं होतं, ते तिनं गिळलं. घाईघाईनं तिनं केस चाचपले.

"पातळ आहेत, खाला. कोरडेही आहेत. ही पातळ केसांची बाटली घ्या. आणि हे कंडिशनर, फक्त टोकांना—"

"ते ठेव तुझ्याकडेच. सुताला काय लावायचंय?"

"आणि सुनेचं?" फजीलतनं विचारलंच. "तिचे बघायचे राहिले ना."

"आमच्या घरात एकच शाम्पू येतो, फजीलत. तू तुझा साबण घेतलास का?"

फजीलत साबण घेऊन निघून गेली. नसीबा बाटली आणायला आत वळली. सनोबरखालांनी मागे न बघताच सुताची लड सुनेच्या हातात दिली.

"घाल आता वेणी. अशी कशी जाऊ बाजारातून?"

ओयदिननं डोळे पुसले आणि पांढऱ्या केसांचे तीन पेड केले. सूत कुठून घ्यायचं, कुठं दडवायचं, हे तिला विचारावं लागलं नाही.

"जरा घट्ट," सनोबरखाला हलक्या आवाजात म्हणाल्या. "कडी लावून स्वतःची घालतेस ना, तशी."