दिवसाला नऊ वाचक

“नऊ,” लॅपटॉप तिच्याकडे वळवत हर्षद म्हणाला. “दिवसाला सरासरी नऊ वाचक, मॅडम.”

सुलक्षणाने काचेतून वाचनकक्षाकडे पाहिलं. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि एकशे वीस खुर्च्यांतली एकही रिकामी नव्हती. दोघंतिघं तर खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते. हर्षदलाही ते दिसत होतंच. पण विद्यापीठाने ‘भविष्यातलं ग्रंथालय’ ठरवायला पाठवलेल्या या माणसाच्या फॉर्ममध्ये डोळ्यांनी दिसलेलं लिहायला जागा नव्हती. दारातलं यंत्र सांगेल तोच आकडा खरा. तो पन्नासच्या खाली असला की वाचनकक्ष बंद, पुस्तकं गोदामात आणि पुढची सगळी सेवा मोबाइलवर.

बोरीवलीच्या या उपकेंद्रात सुलक्षणा एकवीस वर्षं ग्रंथपाल होती. गेली दोन वर्षं ती या योजनेविरुद्ध पत्रं लिहीत होती आणि खरं सांगायचं तर आता तिला भांडायचाही कंटाळा आला होता.

“यंत्र बिघडलंय,” ती म्हणाली.

“नाही ना. एकच कार्ड दिवसातून शंभर वेळा टेकवलं तरी ते एकच माणूस धरतं. आणि इथे रोज एकच कार्ड शंभराच्या वर टेकतंय.” त्याने कार्डाचा नंबर दाखवला. तो दशरथचा होता.

दशरथ म्हणजे ग्रंथालयाचा शिपाई. निवृत्तीला चार महिने उरलेला. तो दाराशी स्टुलावर बसायचा. कुणी आलं की उठायचा, गळ्यातलं स्वतःचं कार्ड यंत्राला टेकवायचा आणि फाटक उघडायचा. सुलक्षणाने हे रोज पाहिलं होतं आणि कधी मनावर घेतलं नव्हतं.

“काका, हे कधीपासून?”

“यंत्र बसलं तेव्हापासून, मॅडम. पोरं म्हणतात, कार्ड विसरलो. चारकोप, गोराईवरून येतात, घरी एका खोलीत सहा माणसं. त्यांना परत कुठे धाडू? तीन वर्षांत एकालाही परत पाठवला नाय मी.”

हे तो अभिमानाने सांगत होता. तिला रागावता आलं नाही. तीन वर्षं वाचनकक्ष त्यानेच भरलेला ठेवला होता, आणि यंत्राच्या लेखी त्यानेच रिकामा केला होता.

“गुरुवारी या,” ती हर्षदला म्हणाली. “दशरथकाकांचं कार्ड माझ्या कपाटात राहील. ज्याने त्याने आपापलं टेकवायचं. त्या दिवसाचा आकडा लिहा.”

हर्षद कबूल झाला. माणूस वाईट नव्हता. ‘गुरुवारी स्वतःचे कार्ड आणावे’ अशी सूचना तिने स्वतःच्या हाताने दारावर चिकटवली. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

गुरुवारी हर्षद आला तेव्हा जिन्याच्या दोन्ही कडांना मुलंमुली बसली होती. मांडीवर रेल्वेच्या, बँकेच्या भरतीची पुस्तकं. पाय चुकवत तो तिसऱ्या मजल्यावर पोहोचला. आत पंखे फिरत होते आणि सगळा वाचनकक्ष जवळजवळ रिकामा होता.

फाटकापाशी एक मुलगी कार्ड टेकवत होती. लाल दिवा लागला. तिने ते ओढणीला पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल.

“कोणी विसरलं नाय, मॅडम,” दशरथ खाली मान घालून म्हणाला. “कार्डं सगळ्यांकडे आहेत. चालत नायत.”

सुलक्षणा यंत्रापाशी गेली. आकडा नऊ होता. तिने स्वतःच मागून घेतलेला आकडा. हर्षदने तो फॉर्मवर लिहिला आणि सहीसाठी कागद पुढे केला. तिला रडू येत होतं, पण रडायलाही जोर लागतो. तिने सही केली. जूनपासून वाचनकक्ष बंद.

कागद बॅगेत ठेवताना हर्षदने जिन्याकडे पाहिलं. “पण मग हे सगळे कोण?”

“आपलेच पदवीधर,” सुलक्षणा म्हणाली. “आपण पदवी दिली, त्याच दिवशी कार्ड बंद केलं.”