सातकोटचा नवा नियम

"मी चौथ्या कोटाचं दार ठोकतो, अक्का," प्रेमराज म्हणाला, आणि खेळ चालवणारी लिलाबाई अडकली.

दार कोण उघडतं? तीस वर्षं एकच दरवान ते दार उघडत आला होता. त्याला खेळात जन्माला घातलं तिनंच. आज तिला त्याचं नाव आठवेना, आवाज आठवेना.

"हात शे का हातोडा? हळू ठोक!" ती खेकसली. सगळे हसले. तेवढीच सवड मिळाली.

तिचा मुलगा प्रशील दहावीत होता, तेव्हा त्यानं आणि त्याच्या या मित्रानं, प्रेमराजनं, कुठून तरी इंग्रजी खेळाच्या झेरॉक्स पानांचा गठ्ठा आणला होता. राजे, राक्षस, फासे. नियमांवरून दोघांची जुंपली, तशी लिलाबाई लाटणं घेऊनच बाहेर आली. दारामागं काय आहे ते मी सांगते, म्हणाली, तुम्ही फासे टाका. दुसरीपर्यंत शिकलेली बाई. एक अक्षर न लिहिता तिनं सात कोटांचं राज्य उभं केलं. पोरांचे बाप झाले, प्रेमराज नोकरीपायी धुळ्याला गेला, तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी मेहरूणच्या या घरात फासे पडायचेच.

गेल्या महिन्यात तिनं खेळात कधीच मेलेल्या राणीला चुकून बोलतं केलं. कोणी काही म्हणालं नाही. लक्षात आलं नसेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. पण तेव्हापासून भाकरी थापतानाही ती कोट मोजायची. सहाच भरायचे.

नात मृणालीनं पुण्याहून आणलेलं जाडजूड पुस्तक पुढं ठेवलं. "आजी, ते जुने नियम आता कोणी खेळत नाही. आपलं सातकोट या नव्या नियमांत बसवू."

ही पोरगी एकेक गोष्ट विचारणार, लिहून घेणार. आज बठ्ठं, अगदी सगळं, उघडं पडणार. म्हातारी कामातून गेली, हे पोरांच्या डोळ्यांत दिसणार.

"बठ्ठं पाठ शे माले. तुनं पुस्तक तुनाजोडे ठेव."

"एकच नियम बदलतोय, आजी. मास्टरनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्या तू, फक्त विचारायचं. सांगायचं खेळणाऱ्यांनी. दार कोण उघडतं, तेसुद्धा आम्हीच सांगायचं."

"असं कोठे लिखेल शे? दाखाड."

मृणालीनं बापाकडं पाहिलं. प्रशील तळहातावर फासे चोळत बसला. शेवटी तिनं पान उघडलं.

लिलाबाईनं चष्मा चढवला. पानभर मुंगीएवढी इंग्रजी छपाई. आणि तळाशी, निळ्या पेननं, मराठीत दोन ओळी: मास्टरनं फक्त विचारायचं, सांगायचं खेळणाऱ्यांनी. अक्षर मृणालीचं.

कोणी मान वर करेना.

लिलाबाईनं त्या ओळींवरून सावकाश बोट फिरवलं. पुस्तक मिटून मांडीवर घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "सांग रे प्रेमराज, दारमा कोण उभा शे? माले याद नही."