खिडकीवरची नक्षी

खोलीत खाटा होत्या, पण पेशंट एकही नव्हता. दुमजली लोखंडी खाटा आणि दोरीवर वाळत घातलेले निळे एप्रन.

हाच का तो वॉर्ड, तिने खिडक्यांना फिल्म लावणाऱ्या फिटरला विचारलं. तो गोंधळला. वॉर्ड कसला मॅडम, शिलाई कारखान्यातल्या मुलींचं हॉस्टेल आहे हे, म्हणाला.

सरांनी तिला पहिल्या दिवसापासून हॉस्पिटलच सांगितलं होतं. नाजूक मशिनांना मोबाइलचा त्रास नको, ॲम्ब्युलन्सचा वायरलेस मात्र आत पोचला पाहिजे. म्हणून तिने काचेवर चिकटवायची फिल्म बनवली. तिच्यावर तांब्याच्या, केसासारख्या बारीक रेषांची नक्षी, मोबाइलची लहर अडवणारी, वायरलेसच्या लहरीला वाट देणारी. नक्षीतला एकेक चौकोन आधी तळहाताएवढा व्हायचा, छोट्या खिडकीत पुरेसे मावायचे नाहीत. रेषांना वळणं देत देत तिने तो शर्टाच्या बटणाएवढा केला, तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. कॉलेजपासूनचे तिचे सर, आता तिचे साहेबही. साइटची दगदग तू कशाला करतेस, म्हणायचे. आज ते परगावी होते, म्हणून फिटरने परस्पर तिलाच बोलावलं. एका खिडकीतली फिल्म सुटली होती.

"काल इथे दोघींना रेंज मिळाली," फिटर म्हणाला. "सर फोनवर जाम भडकले. मुली बाहेर संपाचं बोलतात म्हणे. आजच्या आज बंद करा म्हणाले. सकाळी मी तात्पुरता तुकडा चिकटवून ठेवलाय."

खाली फाटकावरचा पहारेकरी वॉकीटॉकीवर बोलत होता. त्याचा शब्द न् शब्द जिन्यातल्या वॉर्डनबाईंच्या यंत्रातून स्वच्छ ऐकू येत होता. आपण कोणासाठी वाट मोकळी ठेवली, ते तिला आता कळलं.

तिने सरांना जाब विचारायला मोबाइल काढला. रेंज नव्हती. एरवी तिला केवढा आनंद झाला असता.

फिटर नवा रोल आणायला खाली गेला. तेवढ्यात वरच्या खाटेवरून एक मुलगी उतरली. हातात फोन होता. ती दबकत जवळ आली.

"वॉर्डनबाई म्हणाल्या, शहरातून मॅडम येणारेत, रेंज आणायला. तुम्हीच ना त्या?"

तिने मोबाइल खिशात टाकला.

"हो, मीच," ती म्हणाली, आणि जी खिडकी अजून शाबूत होती, तिच्या फिल्मखाली तिने नख घातलं.