एकल वसाहत, कर्जत

शलाकाची आई वारली आणि पंधराव्या दिवशी महानगराच्या निवासयंत्रणेने तिच्या वडिलांची नोंद ‘विवाहित’मधून काढून ‘एकल’मध्ये टाकली. एकट्या माणसाने भर शहरात दोन खोल्या अडवायच्या नाहीत, असा नियमच होता. अविवाहित असो, घटस्फोटित असो की विधुर, सगळ्यांना वसाहतीत जावं लागे. मोरेश्वर कर्णिकांना कर्जतला खोली मिळाली. ठाण्याच्या घरात रविवारी एक नवं जोडपं येणार होतं.

मोरेश्वर पुस्तकं खोक्यात भरत होते आणि शलाका खोकी बांधत होती.

“यंत्राला काय कळणार गं,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं या गल्लीत काढली मी. तिथे ओळखीचं कोण आहे?”

शलाकाच्या हातातली गाठ सुटली. वडिलांना हलवण्याआधी यंत्रणेने तिला एकच प्रश्न विचारला होता, की वडील तुमच्या घरी राहू शकतील का? लेकीची बारावी, घरातली अडचण आणि नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तिने ‘नाही’ दाबलं होतं.

“बाबा, यंत्राने मला विचारलं होतं. मीच नाही म्हणाले.”

मोरेश्वरांनी हातातलं पुस्तक नीट आत ठेवलं.

“माहीत आहे. त्या उत्तराची प्रत मलाही आली.”

“मग मघापासून यंत्राला का बोल लावताय?”

“मग काय, तुला लावू?”

उत्तर बदलायला अजून दोन दिवस होते आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. शलाका खाली वाकली आणि पुढचं खोकं बांधायला लागली.